खालच्या उजव्या दाढेचं इम्प्लांट: जून 2024 ते सप्टेंबर 2025 च्या नोंदी

12 जून 2024

दाढ क्रमांक 46, म्हणजे खालची उजवी पहिली मोठी दाढ. जुना रूट कॅनॉल, वर कॅप. हिरडीवर पुळी येते, फुटते, पंधरा दिवसांनी पुन्हा येते. प्रोब, म्हणजे हिरडीची खोली मोजायची सळी, फिरवली तर सगळीकडे 3 मि.मी., फक्त गालाकडच्या बाजूला एकाच जागी 9. आजूबाजूला सगळं ठीक आणि मधेच एक अरुंद, खोल खड्डा लागला की मूळ उभं चिरल्याची शंका घ्यायची. कॅप काढून मिथिलीन ब्लू लावल्यावर निळी रेघ स्पष्ट दिसली. उभी चीर सांधता येत नाही. दाढ काढावी लागणार.

पुढे काय करायचं याचे तीन पर्याय सांगितले: काढता-घालता येणारा दात, ब्रिज आणि इम्प्लांट (हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर कॅप). ब्रिजसाठी पुढचा-मागचा असे दोन दात घासावे लागतात. इथे दोन्ही शेजारी कोरे आहेत, साधं फिलिंगसुद्धा नाही. असे दात घासायचे तर त्याला तसंच सबळ कारण हवं. शेजारच्या दातांवर आधीच कॅप असत्या, तर सल्ला कदाचित वेगळा दिला असता.

पन्नाशीच्या पुढचं वय. डायबेटिस आहे, एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) 8.6. बीपीची गोळी आणि 75 मि.ग्रॅ. अ‍ॅस्पिरिन चालू. सकाळी मशेरी. हाडांच्या ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन घेता का, हे मुद्दाम विचारलं. उत्तर ‘नाही’ असं आलं. हा प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही, कारण लोक तो ‘दाताशी संबंधित’ मानत नाहीत. झोलेड्रोनिक आम्लासारखी औषधं हाडात वर्षानुवर्षं राहतात आणि जबड्याचं हाड भरून येणं अडवू शकतात.

अ‍ॅस्पिरिन बंद करायची नाही. एका दाताच्या रक्तस्रावाला कापसाचा दाब आणि टाका पुरतो. गोळी थांबवून हृदयाला धोका पत्करण्यात अर्थ नाही.

साखर मात्र खाली आणायची. 7 च्या आसपास आली तर पुढे जायचं, 8 च्या वर असेल तर थांबायचं. दाढेची जागा भरायला चार महिने लागणारच आहेत, तेवढ्यात साखर आणता येईल. मशेरी आजपासून बंद.

15 जून 2024

दाढ काढली. दोन्ही मुळं वेगळी कापून एकेक अलगद बाहेर घेतली, कारण भोवतीची हाडाची भिंत वाचवणं दात काढण्याइतकंच महत्त्वाचं असतं. गालाकडची भिंत चिरेच्या रेषेत आधीच साधारण 5 मि.मी. विरघळलेली निघाली. लगेच, त्याच दिवशी इम्प्लांट बसवण्याचा प्रश्न इथेच मिटला: पू होता, भिंत नव्हती.

दात काढल्यावर जबड्याची कड आत बसत जाते आणि त्यातला मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो. म्हणून खळग्यात हाडाचा भराव घातला. भराव कशाचा, हे आधी सांगून लेखी संमती घ्यावी. बाजारातला बराचसा भराव गाईच्या हाडापासून आणि बरीच कोलॅजनची पडदी डुकराच्या ऊतीपासून बनते. ज्यांना ते चालत नाही त्यांना नंतर कळलं तर मनस्ताप होतो. त्यांचं काही चुकत नाही. इथे कृत्रिम बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे दाणे वापरले आणि वर रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या पीआरएफची (जखम भरायला मदत करणाऱ्या फायब्रिनची) पडदी टाकली. टाके आठ दिवसांनी काढायचे.

14 ऑक्टोबर 2024

एचबीए1सी 7.2. मशेरी सुटली आहे असं घरचे सांगतात, आणि हिरडीचा रंगही तेच सांगतो.

सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढला. नेहमीचा ओपीजी (पूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे) इथे पुरत नाही: त्यात प्रतिमा मूळ मापापेक्षा मोठी येते, ती वाढ सगळीकडे सारखी नसते, आणि हाडाची रुंदी तर दिसतच नाही. स्कॅनमधली मापं:

कडेपासून नसेच्या (खालच्या ओठाची आणि हनुवटीची जाणीव नेणाऱ्या) नलिकेपर्यंत 14.2 मि.मी. कडेखाली रुंदी 8 मि.मी. पुढच्या आणि मागच्या दातामधलं अंतर 11 मि.मी. जिभेच्या बाजूला हाड खाली जाताना आत वळतं, पण आपल्याला जायचंय त्या खोलीच्या खाली. हे वळण ओपीजीत कधीच दिसत नाही. ते न पाहता ड्रिल सरळ खाली नेलं तर हाडाच्या बाहेर, तोंडाच्या तळाशी निघतं आणि तिथला रक्तस्राव साधा नसतो.

ठरलं: 4.5 मि.मी. व्यास, 10 मि.मी. लांबी. रुंदीत दोन्ही बाजूंना पावणेदोन मि.मी. हाड उरतं. शेजारच्या दातांपासून किमान दीड मि.मी. लागतं, इथे तीनच्या वर आहे. नसेपासून 2 मि.मी. सोडायचेच. इम्प्लांट अर्धा मि.मी. खोल बसवायचा, आणि ड्रिलचं टोक त्यावर कोरलेल्या रेघेपेक्षा साधारण मि.मी.भर पुढे जातं. हे सगळं वजा करून अडीच मि.मी.च्या वर जागा राहते. ड्रिलच्या टोकाचा हा मि.मी. हिशेबात धरायचा राहून गेला की नसेची गडबड होते.

तोंड किती उघडतं तेही मोजलं: 42 मि.मी. दाढेच्या जागी हँडपीस आणि ड्रिल उभं राहायला निदान पस्तीस-एक हवेत. गुटखा-सुपारीने तोंड आखडलेल्या रुग्णांत सगळं काम इथेच अडतं. हाड उत्तम असतं, पण ड्रिल आत जात नाही.

खर्चाचा कागद लेखी दिला. इम्प्लांट, वरचा जोड, कॅप, स्कॅन आणि लागला तर भराव अशा रकमा वेगवेगळ्या लिहिल्या. पुण्या-मुंबईत एका दाताला पंचवीस ते साठ हजार असं काहीही ऐकायला मिळतं, आणि फरक बहुतेक वेळा ‘त्यात काय काय धरलंय’ यातच असतो. फक्त स्क्रूची किंमत सांगून कॅपची रक्कम नंतर पुढे करण्याची पद्धत आहे, म्हणून ‘दात चावायला लागेपर्यंतचे एकूण किती’ असंच विचारावं.

दिवाळीच्या आधी उरकून टाका, असा घरून आग्रह. नाही. चकल्या-कडबोळ्यांच्या आठवड्यात ताजी जखम नको. तारीख भाऊबीजेनंतरची.

12 नोव्हेंबर 2024: शस्त्रक्रिया

उपाशीपोटी यायचं नाही. भूल फक्त जागेपुरती आहे. नाश्ता करून, डायबेटिसची आणि बीपीची गोळी घेऊन यायचं. आल्यावर बोटातली साखर 148, बीपी 134/84. तासभर आधी अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम (पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नाही याची खात्री करून). क्लोरहेक्सिडिन 0.2 टक्क्यांनी मिनिटभर चूळ.

भूल आर्टिकेनची, गालाच्या आणि जिभेच्या बाजूने दाढेजवळच. पूर्ण ब्लॉक, म्हणजे अख्खी नस बधिर करणारी भूल, दिला नाही. नसेच्या फार जवळ गेलो तर रुग्णाला जाणवावं, हा त्यामागचा हेतू. भुलीत अ‍ॅड्रेनॅलिन असतं, त्यामुळे मिनिटभर छातीत धडधडतं. आधी सांगून ठेवलं की घाबरायला होत नाही.

रुग्णाला काय जाणवतं? दुखत नाही. थरथर, दाब, पाण्याची धार आणि सक्शनचा आवाज. कवटीत घुमणारा ड्रिलचा आवाज हे खरं त्रासाचं, आणि त्यावर औषध नाही. जबडा अवघडतो, म्हणून मधे मधे तोंड मिटायला दिलं.

क्रम असा. हिरडीला कडेवर चीर, ती बाजूला. 2.0 मि.मी.चं पहिलं ड्रिल, मिनिटाला 1000 फेरे, थंड सलाइनच्या धारेखाली, ठोकर दिल्यासारखं वर-खाली. दिशादर्शक पिन ठेवून एक्स-रे: पिन मागच्या दाढेकडे किंचित कलली होती, पुढच्या ड्रिलने सरळ केली. या टप्प्यावर दिशा सुधारता येते, पुढे नाही. मग 2.8, 3.5, 4.0. हाड मध्यम कडक, खालच्या जबड्यात असतं तसं.

पाण्याची धार अडली तर काम थांबवायचं. हाड 47 अंशांना मिनिटभर तापलं की पेशी मरतात. तशी भिंत इम्प्लांटला धरत नाही. काही आठवड्यांनी इम्प्लांट दुखत नाही, सुजत नाही, नुसताच हलायला लागतो. बोथट झालेली ड्रिलं हे त्याचं नेहमीचं कारण. ती वापर मोजून बदलावी लागतात, दिसायला मात्र शेवटपर्यंत चांगलीच दिसतात.

इम्प्लांट 25 फेऱ्यांवर, शेवटच्या दीड आट्या हाताच्या रॅचेटने. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, 40 न्यूटन-सेंमी. आयएसक्यू (इम्प्लांट किती स्थिर आहे ते सांगणारा, शंभरपैकी आकडा) 72. ही घट्ट पकड फक्त स्क्रूची आहे, हाड अजून चिकटलेलं नाही. टॉर्क 35 च्या आसपास मिळाला की पुरे. जितकं घट्ट तितकं चांगलं हा समज चुकीचा आहे: कडेच्या हाडावर फार दाब आला की तेच हाड विरघळतं.

पकड चांगली असल्याने झाकण-स्क्रू लावून हिरडी पूर्ण मिटवली नाही. हिरडीबाहेर डोकावणारी 4 मि.मी. उंचीची टोपी, म्हणजे गम फॉर्मर, हाताने आवळून बसवला. त्यामुळे दुसरी छोटी शस्त्रक्रिया वाचते. तीन टाके. एकूण पन्नास मिनिटं, त्यातली ड्रिलची जेमतेम दहा.

इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर (कंपनी, माप, लॉट क्रमांक) एक फाइलमध्ये, एक रुग्णाच्या कार्डावर.

घरी जाताना सांगितलेलं: बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. आज थुंकायचं नाही, चूळ नाही, स्ट्रॉ नाही. गालावरून बर्फ दहा मिनिटं लावायचा, दहा मिनिटं थांबायचं, आणि हे फक्त पहिले चोवीस तास. मऊ, कोमट जेवण: वरण-भात, खिचडी, दलिया. उद्यापासून क्लोरहेक्सिडिन दिवसातून दोनदा, पण पेस्टने ब्रश केल्यावर अर्ध्या तासाने, कारण पेस्टमधला फेसाचा घटक त्याचा असर कमी करतो. दोन आठवड्यांच्या वर नको. दातांवर तपकिरी डाग चढतात. भूल पूर्ण उतरण्याआधी वेदनाशामकाची पहिली गोळी घ्यायची, ठणका सुरू व्हायची वाट पाहायची नाही.

13 नोव्हेंबर 2024

सकाळी फोन केला. पहिला प्रश्न दुखण्याचा नव्हता: “खालचा ओठ नेहमीसारखा वाटतोय ना?” वाटतोय. दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा हनुवटी बधिर असेल तर ‘उतरेल हळूहळू’ म्हणत बसायचं नसतं. लगेच स्कॅन, आणि नसेवर दाब असेल तर इम्प्लांट पहिल्या दिवस-दीड दिवसात मागे घ्यायचा किंवा काढायचा. नंतर नस सुधारण्याची शक्यता झपाट्याने घटते. म्हणून हा फोन रुग्णावर सोडत नाही.

15 नोव्हेंबर 2024

गाल कालच्यापेक्षा आज जास्त सुजलाय, म्हणून रुग्ण घाबरून आले. सूज अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांत सर्वांत जास्त असते, आज तेच चाललंय. ताप नाही, पू नाही, गिळताना त्रास नाही. गालाखाली पिवळट-निळा डाग आहे, तो मानेकडे उतरत जाईल आणि आठवड्यात जाईल. काळजीचं चित्र वेगळं असतं: चौथ्या-पाचव्या दिवसानंतर सूज आणि दुखणं दोन्ही पुन्हा वाढणं.

21 नोव्हेंबर 2024

टाके काढले. जखम स्वच्छ. मऊ ब्रशने गम फॉर्मरच्या डोक्यावरून हलका हात फिरवायला शिकवलं. लोक त्या जागेला हातच लावत नाहीत आणि त्यावर कीट चढतं.

4 डिसेंबर 2024

“डॉक्टर, स्क्रू हातात आलाय!”

हा फोन ठरलेला असतो. इम्प्लांट नव्हे, वरचा गम फॉर्मर सुटलाय. तो हाताने आवळलेला असतो, जिभेला चाळा लागतो आणि सैल होतो. डबीत घालून त्याच दिवशी यायला सांगितलं. उद्यावर ढकललं तर हिरडी आत ढासळायला लागते, दोन दिवसांत भोक अर्धं मिटतं आणि मग भूल देऊन उघडावं लागतं. आतला भाग सलाइनने धुतला, क्लोरहेक्सिडिन जेलचा थेंब टाकून पुन्हा बसवला.

रुग्णाने विचारलं, आता हे इतके आठवडे झाले, कॅप लावून टाकता येणार नाही का? नेमका हाच काळ सर्वांत नाजूक. आट्यांभोवतीचं जुनं हाड विरघळत असतं आणि नवं अजून भरलेलं नसतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड बसवल्या दिवसापेक्षा कमी असते. काहीच दुखत नसल्यामुळे रुग्ण याच दिवसांत त्या बाजूने शेंगदाणे खायला लागतो. दुखत नाही म्हणजे हाड चिकटलं, असं नाही.

टायटॅनियमला हाड थेट चिकटतं हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी दाखवलं आणि 1965 मध्ये गोथेनबर्गला पहिल्या रुग्णावर वापरलं. त्यांचा ठोकताळा खालच्या जबड्याला तीन महिने, वरच्याला सहा असा होता. आजचे खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट सहा ते आठ आठवड्यांतही भार घेतात. इथे डायबेटिस आणि भराव घातलेलं हाड, म्हणून तीन महिने पूर्ण. संक्रांतीला तिळाची मऊ वडी चालेल, चिक्की नाही.

18 फेब्रुवारी 2025

गम फॉर्मर काढून आयएसक्यू: 77. एक्स-रेत भोवती काळी रेघ नाही. टकटक केल्यावर आवाज टणक, धातूसारखा. रॅचेटने 35 पर्यंत उलटी परीक्षा घेण्याची काहींची सवय आहे. आयएसक्यू असताना त्याची गरज नाही.

कॅपसाठी माप ओपन ट्रेने (वरून भोक असलेल्या साच्याने) घेतलं. कोपिंग, म्हणजे मापासाठी इम्प्लांटवर लावायचा तात्पुरता खुंट, नीट बसल्याची खात्री एक्स-रेने केली. तिथे केसाएवढी फट राहिली तरी कॅप उंच किंवा तिरकी येते आणि दोष लॅबवर जातो. रंग मापाआधी पाहिला, खिडकीच्या उजेडात: ए3. तोंड उघडून पंधरा मिनिटं झाली की दात सुकून पांढरे दिसतात आणि चुकीचा रंग लिहिला जातो.

लॅबला लेखी सूचना: कॅप स्क्रूने बसणारी, झिर्कोनियाची, टायटॅनियम बेस (कॅप आणि इम्प्लांट यांमधला जोड) इम्प्लांटच्या मूळ कंपनीचाच, स्टिकरसकट पाठवावा. ‘कम्पॅटिबल’ बेस बराच स्वस्त मिळतो. बसतो, फिरतो, एक्स-रेतही ठीक दिसतो. पण जोडात सूक्ष्म हालचाल राहिली की स्क्रू पुन्हा पुन्हा सैल होतो, आणि एक दिवस इम्प्लांटच्या आत तुटतो. तुटलेला स्क्रू काढणं हे इम्प्लांट बसवण्यापेक्षा अवघड काम आहे. सिमेंटने चिकटवणारी कॅप टाळली, कारण हिरडीखाली राहिलेलं सिमेंट एक्स-रेत नेहमी दिसतंच असं नाही आणि हाड खात राहतं.

4 मार्च 2025

कॅप आली. पहिल्यांदा बसवल्यावर पुढच्या दाताला जास्त दाबत होती, फ्लॉस जाईना. संपर्क घट्ट असला की कॅप पूर्ण खाली जात नाही, स्क्रू मात्र आवळल्यासारखा वाटतो. फसगत होते ती इथे. थोडं घासलं, पॉलिश केलं, पुन्हा बसवलं, एक्स-रे काढला: जोडात फट नाही. हिरडी पाच-सात मिनिटं पांढरी पडली, ताण लागला, मग रंग आला. ते अपेक्षितच.

चावा. खऱ्या दाताभोवती पातळ पडदा असतो, तो दाबाखाली किंचित खाली जातो. इम्प्लांटला पडदा नाही, तो हाडात रुतलेला. म्हणून दोन्ही सारख्या उंचीवर ठेवले तर जोरात चावताना सगळा भार इम्प्लांटवर येतो. 8 मायक्रॉनची धातूची पट्टी घेऊन तपासलं: हलकेच दात मिटल्यावर ती कॅपखालून सरकली पाहिजे, जोरात मिटल्यावर अडकली पाहिजे, आणि शेजारच्या खऱ्या दातांत ती हलक्या चाव्यातही अडकली पाहिजे. दोनदा घासून हे जमलं. पडदा नसल्यानेच ‘दगड ठेवल्यासारखं’ वाटतं. काही आठवड्यांत सवय होते.

स्क्रू 35 न्यूटन-सेंमी, दहा मिनिटं थांबून पुन्हा 35. पहिल्या आवळण्यात आट्यांचे उंचवटे दबतात आणि ताण थोडा उतरतो, म्हणून दुसरी फेरी. भोकात टेफ्लॉनची पट्टी दाबून भरली, वर कंपोझिट. पट्टी यासाठी की पुढे कधी उघडावं लागलं तर स्क्रूचं डोकं साफ सापडावं.

आजचा एक्स-रे जपायचा. पुढचं प्रत्येक माप याच्याशी ताडून पाहायचं आहे.

18 मार्च 2025

तक्रार: पालक आणि मेथी कॅपच्या कडेला अडकते. इम्प्लांटची मान 4.5 मि.मी., वरची दाढ 11. त्यामुळे दोन्ही बाजूंना खाली कोनाडे राहतातच. त्याला कॅप बदलणं हा उपाय नाही. इंटरडेंटल ब्रश, रोज रात्री, गालाकडून आणि जिभेकडून दोन्ही बाजूंनी. ब्रशची तार प्लास्टिकने मढवलेली हवी, उघडी तार टायटॅनियमवर ओरखडे पाडते. टूथपिक बंद. स्क्रू तपासला, घट्ट आहे.

9 सप्टेंबर 2025

एक्स-रेत हाडाची कड पहिल्या आटीपासून मार्चच्या तुलनेत 0.4 मि.मी. खाली. पहिल्या वर्षात दीड मि.मी.पर्यंत आणि पुढे वर्षाला 0.2 च्या आत, ही जुनी मर्यादा अजून वापरतात; त्यात आरामात बसतं. प्लास्टिकच्या प्रोबने खोली 3 मि.मी., एका ठिकाणी रक्ताचा ठिपका. तिथे ब्रश पोचत नव्हता, जिभेच्या बाजूला मागे. रक्त येतंय पण हाड गेलेलं नाही, म्हणजे सूज फक्त हिरडीत आहे आणि सफाईने उलटते. हाड जायला लागलं की मागे फिरणं कठीण, आणि त्यातही बहुधा दुखत नाही.

पुढच्या दाताशी असलेला संपर्कही पाहिला. फ्लॉस मार्चपेक्षा किंचित सहज जातोय. खरे दात आयुष्यभर हळूहळू पुढे सरकतात, इम्प्लांट जागचा हलत नाही, म्हणून वर्षांनी तिथे फट पडू शकते. पडली तर कॅप उघडून लॅबमध्ये पोर्सेलिनचा थर वाढवता येतो. स्क्रूची कॅप घेतल्याचा हा आणखी एक फायदा.

एचबीए1सी 7.4, किंचित चढलेलं. फिजिशियनकडे चिठ्ठी दिली. मशेरी नाही.

कार्डावर कॅपच्या स्क्रूची आणि बेसची नोंद वाढवली. प्रत्येक कंपनीचा स्क्रू वेगळ्या आकाराच्या ड्रायव्हरने उघडतो. कार्ड हरवलं तर नवा डॉक्टर एक्स-रेवरून अंदाज बांधत बसतो. रुग्णाला कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये आणि घरच्या ग्रुपवर ठेवायला सांगितलं. पुढची तपासणी मार्च 2026, एक्स-रेसह.